परवान्यावरचं कारण

जॅक्सन हाइट्स, न्यूयॉर्क
आषाढी एकादशी, १० जुलै २०२२

तीर्थरूप अण्णा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर धड बोलणं झालंच नाही. पाऊस लागला की तुमच्याकडची रेंज जाते. त्या दिवशी आईचं एवढंच ऐकू आलं, "कोर्टान सगळ्यांका बंदुको दिल्यान म्हणे! चेडवाक घेवन घराक ये." पुढे फोन बंद. तेव्हापासून मनात होतं की हे एकदा नीट बसून लिहायचं. आज एकादशी आणि रविवार. साबुदाणा भिजलाय, चिऊ अजून झोपलीय.

आधी आईसाठी. कोर्टाने बंदुका वाटलेल्या नाहीत. अण्णा, तुमचं परवान्याचं पुस्तक आठवा. त्यात हेतू म्हणून 'शेतीसंरक्षण' लिहिलंय. डुकरं भात लोळवतात, माकडं नारळ पाडतात, म्हणून ठासणीची बंदूक. कारण आधी, बंदूक मागाहून. ते कारण खरं की खोटं याची चौकशी झाली, मग जिल्ह्याच्या साहेबांची सही झाली. न्यूयॉर्कातही गेली शंभर वर्षं साधारण असंच चाललं होतं. १९११ साली इथे सलिव्हन कायदा आला आणि १९१३ पासून अंगावर लपवून पिस्तूल बाळगायचं तर 'योग्य कारण' दाखवावं लागायचं. नुसती भीती वाटते, वस्ती वाईट आहे, एवढ्यावर भागत नसे. इतरांपेक्षा तुम्हाला वेगळा धोका आहे हे पटवावं लागे, आणि पटलं की नाही ते परवाना देणारा ठरवी. २३ जूनला सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की इथल्या घटनेने हत्यार बाळगण्याचा हक्क दिलाय, म्हणून हे कारण विचारणंच घटनेत बसत नाही. परवाना राहील, गुन्ह्यांची नोंद तपासणं राहील, प्रशिक्षणाची अट घालता येईल. पण 'कशाला हवी?' हा प्रश्न गेला. न्यूजर्सी, मेरीलँड, कॅलिफोर्निया अशा आणखी काही राज्यांत हाच प्रश्न विचारत, तिथूनही तो गेल्यात जमा आहे.

त्या दिवशी मी सकाळपाळीला होते. साडेदहाच्या सुमाराला चहाच्या खोलीतल्या टीव्हीवर बातमी आली आणि खोली गप्प झाली. आमच्या ब्लड बँकेत गोळी लागलेला माणूस आला की आधी फोन वाजतो. मग रक्तगट कळायची वाट न बघता ओ गटाच्या पिशव्या बर्फाच्या पेटीत भरून धावत खाली पाठवायच्या. जूनमध्येच एका रात्री मी अशी पेटी तीनदा भरली. तिसऱ्या वेळी वर आलेल्या मुलाने पेटी घेतली नाही, फक्त मान हलवली. पिशव्या परत फ्रिजमध्ये लावताना, वेळ लिहिताना माझा हात थरथरत होता. आमच्या खोलीत प्रत्येकाला अशी एखादी रात्र आठवत असणार.

पहिल्यांदा बोलला तो दारावरचा सुरक्षारक्षक, निवृत्त पोलीस. म्हणाला, "आता गाडीत प्रत्येकाच्या खिशात काय आहे ते ओळखत बसा." एप्रिलच्या १२ तारखेला ब्रुकलिनच्या भुयारी रेल्वेत एका माणसाने धुराचे गोळे फोडून गोळ्या झाडल्या होत्या, दहा जणांना लागल्या. सगळे वाचले, पण त्यानंतर गाडीत मी दाराजवळच उभी राहते.

मग रक्त काढायला असते ती ब्रुकलिनची काळी बाई बोलली, आणि तिचं बोलणं माझ्या डोक्यातून अजून जात नाही. तिच्या भाच्याच्या दप्तरात बिनपरवान्याचं पिस्तूल सापडलं. कुणावर रोखलं नव्हतं, झाडलं नव्हतं. साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. ती म्हणाली, "गल्लीत त्याच्या दोन मित्रांना मारलं होतं. त्याच्याकडे कारण होतं. ते विचारायला कोणी आलं नाही." परवाना मिळायचा तो वकिलांना, सराफांना, निवृत्त पोलिसांना. तिच्या भाच्यासारख्यांना मिळायची ती बेडी. ब्रॉन्क्स आणि ब्रुकलिनमध्ये गरिबांचे खटले फुकट चालवणारे वकील आहेत. त्यांनीही कोर्टात कायद्याच्या विरोधात म्हणणं दिलं होतं. आमच्याकडे या गुन्ह्यात येणारे जवळजवळ सगळे काळे नाहीतर लॅटिनो, असं त्यांनी लिहिलं. बंदूकवाल्यांची संघटना आणि हे वकील एका बाजूला! मला आधी खरंच वाटलं नाही. तीच बाई पुढे म्हणाली, "पण गाडीत माझ्या शेजारी कोणी पिस्तूल घेऊन बसलेलं मला नकोय." दोन्ही गोष्टी तिने एका दमात सांगितल्या.

तेव्हा मला तुमचा नववीचा तास आठवला. १८७८, लॉर्ड लिटन, शस्त्रबंदीचा कायदा. गोऱ्याला परवाना लागत नाही, हिंदी माणसाला लागतो. फळ्यावर दोन रकाने काढून तुम्ही ते दाखवलं होतं आणि राष्ट्रसभेने त्याविरुद्ध वर्षानुवर्षं ठराव केले ते सांगितलं होतं. इथेही सलिव्हन कायद्याखाली पहिली शिक्षा झाली ती इटलीहून आलेल्या एका माणसाला, आणि त्या काळी इटालियन म्हणजे उपरे. परवाना कोणाच्या हातात आहे आणि तो कोणाकडे बघून सही करतो, यावर किती अवलंबून असतं! कायदा गेला याचं मला दुःख आहे, पण तो सगळ्यांना सारखा होता असं मी आता म्हणणार नाही.

निकाल न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी लिहिला. त्यांची कसोटी अशी की बंदुकीवरचा निर्बंध या देशाच्या इतिहासातल्या परंपरेत बसतो हे सरकारने दाखवलं पाहिजे. म्हणून निकालात १३२८ च्या इंग्लंडच्या कायद्यापर्यंत चर्चा आहे. अण्णा, तुम्हाला ते वाचायला आवडेल. मला मात्र विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती ब्रायर पटले. त्यांनी सुरुवातच आकड्याने केली. २०२० साली अमेरिकेत बंदुकीने ४५,२२२ माणसं गेली. त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या आहेत, हे इथल्या पुष्कळांना माहीत नसतं. आमच्याकडे पेटी मागवायचीही वेळ येत नाही अशी ती माणसं. निकालाच्या बाजूने मत देणाऱ्या न्यायमूर्ती अलिटो यांनी उलट विचारलं, या कायद्याने बफेलोचा हल्ला कुठे थांबवला? १४ मे रोजी आमच्याच राज्यात, बफेलोच्या किराणा दुकानात दहा काळ्या माणसांना वेचून मारलं होतं. प्रश्नाला उत्तर नाही असं नाही. पण त्या दहा जणांच्या घरच्यांनी तो कसा वाचला असेल, हेच माझ्या मनात येत राहिलं.

आता तुम्हाला सांगायची गोष्ट. आमच्या राज्यपाल कॅथी होकुल त्या सकाळी शाळांमध्ये धोक्याची मूक घंटा बसवण्याचा विचार करायला लावणाऱ्या कायद्यावर सही करायला आल्या होत्या, तिथेच त्यांना निकाल कळला. संतापल्या होत्या. म्हणाल्या, घटनेत हत्यार बाळगण्याच्या हक्काचं कलम घातलं तेव्हा हत्यार म्हणजे मस्केट होतं, मस्केटपर्यंत परत जायला माझी तयारी आहे. मस्केट म्हणजे आपली ठासणीचीच की, अण्णा! मला एकदम मांगरातली रात्र आठवली. तुम्ही नळीत दारू ओतायचात, वर काथ्याचा बोळा, मग छरे, पुन्हा बोळा, गजाने ठासायचं, शेवटी ठिणगी पाडणारी केप बसवायची. मी कंदील धरून आकडे मोजायची. साठाच्या आत तुमचं कधी झालं नाही. एक बार निघाला की डुकरं पळायची, आणि दुसरा भरेपर्यंत ती पलीकडच्या वाडीत पोचलेली असायची. १७९१ साली ज्यांनी तो हक्क लिहून ठेवला त्यांच्याही हातात तेवढाच एक बार होता. इथे ४ जुलैला, त्यांच्या स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीवर, शिकागोजवळच्या हायलंड पार्कमध्ये एकाने गच्चीवरून गोळ्या झाडल्या. सात माणसं गेली. मिरवणूक बघायला लोकांनी घरून खुर्च्या आणून मांडल्या होत्या, त्या तशाच रस्त्यावर पडलेल्या टीव्हीवर दिसत होत्या.

आई, तू विचारशील, मग लोक रस्त्यावर उतरले का? उतरले, पण दुसऱ्या दिवशी आणि दुसऱ्या निकालासाठी. २४ तारखेला कोर्टाने गर्भपाताचा हक्क काढून घेतला आणि संध्याकाळी वॉशिंग्टन स्क्वेअर भरून गेला. तिथल्या काही पाट्यांवर बंदूकही होती, पण ती कोपऱ्यात. बंदुकीच्या बातमीला लोक थकलेत. गॅलप या संस्थेच्या जनमत पाहणीत सुप्रीम कोर्टावर चांगला विश्वास असणारे शंभरात पंचवीसच निघाले, आजवरचा सगळ्यात कमी आकडा. तोही या दोन निकालांच्या आधीचा. एक गोष्ट मात्र झाली. निकालाच्याच रात्री सिनेटने बंदुकीवरचा एक कायदा ६५ विरुद्ध ३३ मतांनी मंजूर केला, जवळजवळ तीस वर्षांतला पहिला मोठा. टेक्सासमधल्या उवाल्डेच्या शाळेत २४ मे रोजी १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या नसत्या तर तोही झाला नसता.

ती मुलं चौथीतली होती. चिऊ सप्टेंबरात चौथीत जाईल. इथे शाळेत वर्षातून चार वेळा दार लावून लपायची कवायत असते, कायद्यानेच. दिवे बंद, खिडकीपासून लांब, कोपऱ्यात सगळ्यांनी गप्प बसायचं. मे महिन्याच्या शेवटी घरी आली तेव्हा तिच्या बाहीवर दातांचे व्रण होते. विचारलं तर म्हणाली, "मला शिंक येत होती. आवाज झाला असता तर सगळे मेले असते ना, म्हणून बाही चावली." मी बाही धुतली, पण व्रण गेले नाहीत. तो सदरा मी अजून टाकलेला नाही.

१ जुलैला राज्याने घाईने नवा कायदा केला. १ सप्टेंबरपासून लागू, म्हणजे आपल्या गणपतीच्या दुसऱ्या दिवशी. परवान्यासाठी सोळा तासांचा वर्ग आणि दोन तास प्रत्यक्ष गोळीबाराचा सराव. शाळा, दवाखाने, बागा, देवळं, भुयारी रेल्वे आणि टाइम्स स्क्वेअर या ठिकाणी बंदूक न्यायची नाही. खाजगी दुकानात मालकाने पाटी लावून परवानगी दिली तरच. ७४ व्या रस्त्यावरचे ओळखीचे सराफ म्हणाले, "मला धंद्यासाठी आधीच परवाना आहे, आता शेजारच्या मिठाईवाल्यालाही मिळेल. तो रात्री गल्ला घेऊन एकटा जातो, त्याने काय करायचं?" कालच ते मला म्हणाले, जपान बघा, इतका कडक कायदा, तरी माजी पंतप्रधान शिंझो आबेंना गोळी घातली. यावर ब्रुकलिनच्या बाईचं उत्तर मी त्यांना सांगितलं. तिथे त्या माणसाला नळ्या जोडून, चिकटपट्टी गुंडाळून घरी बंदूक करावी लागली. इथे तेवढा खटाटोप कोणाला करावा लागत नाही. सराफ गप्प झाले, मग म्हणाले, "पण भीती तर वाटतेच ना." ती मलाही वाटते. भीतीवर त्यांचं औषध एक आणि माझं दुसरं. मी खिशात काही घेणार नाही. घरातही आणणार नाही, हे आम्ही दोघांनी ठरवलंय.

परत येण्याचं म्हणशील आई, तर इतक्यात नाही. नोकरी आहे, चिऊची शाळा आहे, आणि इथली रोजची माणसं चांगली आहेत. डिसेंबरात महिनाभर येतोय, तिकिटं काढली.

अण्णा, दादा सांगत होता की तुमच्या डोळ्यांमुळे बंदूक ठाण्यात कायमची जमा करा म्हणून तो मागे लागलाय आणि तुम्ही रागावलात. मी त्यात पडत नाही. डुकरं अजून येतात आणि निर्णय तुमचा. एवढंच करा, गणपतीत दादाची आणि आत्याची मुलं येतील त्याआधी केपांचा डबा आणि दारू माळ्यावरून काढून कुलपात ठेवा, आणि किल्ली आईकडे द्या. बंदूक भिंतीवर राहू दे, पण रिकामी आहे का ते आधी गज घालून बघा. आणि परवान्याच्या ज्या पानावर 'शेतीसंरक्षण' लिहिलंय त्याचा फोटो दादाला काढून पाठवायला सांगा. परवा चिऊने विचारलं, आजोबांकडे पण बंदूक आहे ना, कशाला? मी सांगितलं, तर म्हणाली, खरंच तसं लिहिलेलं असतं? तिला ते पान दाखवायचंय.

आपली,
बाय