बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "शिवण शिकून या पोरांची पोटं भरणार का?" वर्ग भरायची वेळ झाली होती, म्हणून मी विषय टाळला. आता नीट लिहिते.

आमच्या शिवणवर्गातली बरीच मुलं अर्ध्यात शाळा सुटलेली, काही बालगृहात वाढलेली. कायम दुसऱ्याचे उतरलेले कपडे घातलेले. समोर चार कापडं टाकून "यातलं कुठलं आवडलं?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "तुम्ही द्याल ते." म्हणून मशीनच्या आधी मी त्यांना निवडायला लावते आणि का निवडलं ते बोलायला लावते. आई, तू याला लाड म्हणशील. पण "ही बाही तुम्हाला शोभणार नाही" असं गिऱ्हाइकाला सांगायची हिंमत इथूनच येते.

गणिताचंही तसंच. अपूर्णांकांना घाबरून शाळा सोडलेला मुलगा छातीचा चौथा भाग, त्यात ढिलाई, वर शिलाईसाठी सोडायची माया, हे तोंडी सांगतो. चुकला तर बाही मुंढ्यात बसत नाही, मला ओरडावं लागत नाही. पहिला नमुना स्वस्तातल्या मांजरपाटावर, त्यामुळे उसवायचं कुणाला भय नाही.

सगळे अलेक्झांडर मॅक्वीन या ब्रिटिश फॅशन डिझायनरचं उदाहरण देतात. टॅक्सीवाल्याचा मुलगा, सोळाव्या वर्षी शाळा सोडली, १९९६मध्ये जिव्हान्शी या पॅरिसच्या फॅशन कंपनीचा मुख्य डिझायनर. खरंय. पण मी मुलांना मधला भाग सांगते: आधी तो लंडनच्या सॅव्हिल रो या शिंप्यांच्या रस्त्यावर कोट बेतायला आणि शिवायला शिकला. देणगीदारांना मात्र रॅम्पवरचा कार्यक्रम हवा असतो. मुलांना टाळ्या मिळाव्यात, मला आनंदच आहे; पण त्या तयारीत चेन बदलणं, अस्तर लावणं, कपडा अंगाबरोबर करणं मागे पडतं, आणि रोजची कमाई तिथेच आहे.

तर बाबा, पोट भरेल, पण नुसत्या सरळ शिलाईवर नाही. तेवढंच येणारी मुलगी कारखान्यात दिवसभर एकच शिवण मारत बसते. माप, बेतणं, शिवणं, फिनिशिंग आणि दर लावणं, सगळं यायला हवं. दरातच आमचं घोडं अडतं. कापड, दोरा, बटणं मुलं बरोबर मांडतात. स्वतःच्या मजुरीचे तास धरतच नाहीत! तुम्ही आयुष्यभर हिशोब तपासलेत. शनिवारी व्हिडिओ कॉलवर तासभर शिकवाल का? वही-पेन्सिल घेऊन बसवते त्यांना. वेळ कळवा.

तुमची,
मनू