सिर दर्येपलीकडची पऱ्हाटी

नागपूर,
ता. ५ नोव्हेंबर

प्रिय बापू,
सप्रेम नमस्कार.

मी निघण्याच्या आदल्या रात्री तू फोनवर एकच काम सांगितले होतेस. मशिदी आणि मिनार सगळेच पाहून येतात, तू तिकडचा कापूस, तिकडची पऱ्हाटी पाहून ये, असे तुझे शब्द होते. उझबेकिस्तानहून परतून मला आठ दिवस झाले. फोनवर हे नीट सांगता येणार नाही, आणि वेचणीच्या दिवसांत तुला फोनवर निवांत ऐकायला वेळही नसतो, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

ताश्कंद ते समरकंद हे सुमारे ३४० किलोमीटरचे अंतर तिथली वेगवान गाडी दोन तासांहून थोड्या अधिक वेळात कापते. त्याच गाडीने नेण्याचे यात्रा कंपनीने कबूल केले होते. स्टेशनवर गेल्यावर कळले की आमच्यापैकी सहा जणांची तिकिटे काढायचीच राहून गेली आहेत, आणि आम्हाला मागच्या साध्या गाडीत बसवून देण्यात आले. कंपनीच्या माणसाला मी तेव्हा जे बोललो, ते पत्रात लिहिण्यासारखे नाही. चार तासांनी समरकंदला उतरताना मात्र त्याचे आभार मानावेत असे मनात आले. मानले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

डबा आपल्या स्लीपरसारखाच होता, फक्त खिडक्या बंद काचेच्या होत्या आणि एका टोकाला उकळत्या पाण्याचा भला मोठा बंब होता. डब्यावरच्या बाईंनी किटली आणि बिनकानाचे प्याले आणून दिले. प्याले गडद निळे, त्यांवर सोनेरी रेघांत पांढरी फुले. चहा संपत आला तेव्हा नीट निरखले, तर ती फुले नव्हती. ती उमललेली बोंडे होती. चार पाकळ्यांची, कापूस बाहेर आलेली, थेट आपली बोंडे! पुढे प्रत्येक चहाखान्यात हेच प्याले दिसले. त्या देशाच्या राजचिन्हावरही एका बाजूला गव्हाच्या ओंब्या आणि दुसऱ्या बाजूला कापसाची फांदी आहे. कापसालाच ‘पांढरे सोने’ म्हणण्याची रीत तिकडेही आहे, आणि ते सोने पिकवणाऱ्याच्या घरी किती पोहोचते, हा प्रश्नही तिकडे आपल्याइतकाच जुना आहे.

समोर एक निवृत्त शाळामास्तर नातीसोबत बसले होते. शहर, बाजार, अस्मान हे शब्द त्यांचेही आणि आपलेही. ‘हफ्ता’ म्हणजे त्यांच्याकडे आठवडा, हे कळल्यावर पीककर्जाच्या फायलींत उभी हयात घालवलेल्या मला हसू आले. ‘सब्जी’ म्हणजे गाजर. कापूस म्हणजे ‘पख्ता’. या पुंजीवर आणि नातीच्या मोबाइलमधील भाषांतरावर आमचा संवाद चांगला तासभर चालला.

शहर मागे पडले आणि सिर दर्येचा पूल आला. गढूळ, रुंद, घाई नसलेली नदी. पूल ओलांडल्यावर जमीन इतकी सपाट झाली की आपल्या वर्धेच्या खोऱ्यालाही चढउतार असतो, हे मला प्रथमच जाणवले. या मुलखाला पूर्वी ‘भुकेले माळरान’ म्हणत. सोव्हिएत काळात कालवे खोदून तिथे कापूस आणला गेला. आता कालव्याच्या काठाने तुतीच्या झाडांची रांग चालते. त्या झाडांच्या फांद्या दरवर्षी रेशमाच्या किड्यांसाठी छाटतात, त्यामुळे बुंधे ठेंगणे आणि डोकी गाठाळ झालेली असतात. रांगेपलीकडे कापूस, आणि तोही कसा! ओळी दोरी लावून आखल्यासारख्या, प्रत्येक सरीत पाणी येऊन गेल्याची खूण, झाड कमरेएवढे, आणि झाडावर पान जवळजवळ नाहीच. मला आधी वाटले, रोग पडला. मास्तरांनी हाताने फवारणीची खूण करून दाखवली: वेचणीच्या आधी पाने झडवण्याचे औषध मारतात. उघड्या काटक्यांवर नुसता पांढराशुभ्र कापूस लोंबत होता. बापू, आजवर बँकेच्या जीपमधून मी कितीतरी हजार एकर पऱ्हाटी पाहिली असेल, पण खरे सांगतो, त्या क्षणी मला तुझ्या वतीने हेवा वाटला. तुझा कापूस मृगाच्या भरवशावर आणि यांचा नळाच्या तोटीवर, असे मनात येऊन गेले.

एका आडबाजूला गाडी क्रॉसिंगसाठी थांबली. रुळांपासून दहा-बारा हातांवर बायका वेचत होत्या. डोक्याला घट्ट रुमाल, कमरेला कापडाची मोठी ओटी बांधलेली. दोन्ही हात एकाच वेळी चालत होते आणि बोंडातला कापूस असा निघत होता की पाठीमागे कवडीही राहू नये. आई वेचायला बसली की अशीच. पहिल्या वेचणीला, सीतादहीच्या दिवशी, शेताच्या धुऱ्यावर दहीभात ठेवून झाला की दिवसभर ती मान वर करत नसे. त्यांतल्या एकीने आमच्या खिडकीकडे पाहिले, हसली, आणि ओटी सावरत पुढच्या झाडाकडे वळली. जवळच्या घराच्या छपरावर कापसाच्या वाळलेल्या काटक्या, पळाट्या, रचून ठेवलेल्या होत्या. चूल तिथेही त्यांच्यावरच पेटते.

मी मास्तरांना विचारले की या बायका मजुरीने येतात का. आता मजुरीने, ते म्हणाले. पूर्वी शाळा-कॉलेजे बंद करून विद्यार्थी, मास्तर, डॉक्टर, सगळ्यांना सरकार वेचायला धाडत असे. त्यांची स्वतःची विद्यार्थिदशेतली प्रत्येक शरद ऋतूतली सुट्टी शेतातच गेली होती आणि पुढे मास्तर म्हणून ते मुलांना घेऊन गेले होते. या वेठीमुळे परदेशातल्या कापड कंपन्यांनी उझबेकी कापसावर बहिष्कार घातला होता. तो २०२२ साली उठला. कास्तकाराने ठरलेला कापूस सरकारला ठरलेल्या भावात घालायचा, ही सक्तीही तिथे २०२० पर्यंत होती. आपल्या १९७२ च्या सरकारी एकाधिकार कापूस खरेदीला आणि चुकाऱ्यासाठी घातलेल्या खेट्यांना तू अजून शिव्या देतोस, पण निदान काय पेरायचे हे तरी तुला कोणी सांगितले नव्हते.

गाडी सुटली. पुढच्या काही शेतांत कापूस जमिनीवर सांडलेला दिसला. पट्टेच्या पट्टे पांढरे. इतकी निष्काळजी वेचणी कशी, म्हणून मी बोट दाखवले. मास्तरांनी मान हलवली आणि दोन बोटे जिभेला लावून दाखवली. तो कापूस नव्हता, ते मीठ होते.

तुला हे समजावून सांगायला नको. अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यातली तुझी सासुरवाडी आहे. फरक इतकाच की पूर्णेच्या खोऱ्यातले खारे पाणी निसर्गाने दिलेले आहे, आणि इथले बरेचसे मीठ कालव्यांनी खालून वर आणले आहे. पाणी देत राहिले, निचरा पुरेसा झाला नाही, जमिनीखालची पातळी वर चढली, वर आलेले पाणी उन्हाने उडून गेले आणि मीठ मागे राहिले. आता हिवाळ्यात शेतात पाणी तुंबवून ते मीठ धुतात, म्हणजे कापूस नसतानाही पाणी लागतेच. शेताशेतांमधून माणूस बुडेल एवढे खोल चर मला दिसत होते, त्यांना मी कालवे समजत होतो. ते खारे पाणी वाहून नेणारे चर होते. आणि पुलावरून पाहिलेली ती सिर दर्या, तिचे आणि अमू दर्येचे पाणी १९६० नंतर असे शेतांकडे वळले की त्या ज्या अरल समुद्राला मिळत, तो समुद्र, म्हणजे जगातले चौथ्या क्रमांकाचे सरोवर, बहुतांशी वाळवंट झाला. मोयनाक या बंदराच्या गावी मासेमारीची जहाजे वाळूत उभी आहेत. तिकडे आम्ही गेलो नाही. समरकंदच्या वाटेवरून ते दिसण्याजोगे नाही.

एक गोष्ट मात्र मला त्या खिडकीत बसूनच सुचली. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले आणि तिकडचा कापूस अडला, तेव्हा इंग्रजांचे डोळे वऱ्हाडाकडे लागले आणि रशियाचे मध्य आशियाकडे. रशियाने १८६५ मध्ये ताश्कंद घेतले. आपल्या नागपूरला १८६७ मध्ये आगगाडी आली, समरकंदला १८८८ मध्ये. म्हणजे आपल्या आणि मास्तरांच्या आजे-पणज्यांच्या दाराशी आलेल्या रुळांवरून कापसाच्या गाठी जाऊ लागल्या. 

जिझ्झाख शहर गेले, डोंगर जवळ आले, गाडी एका अरुंद खिंडीतून निघाली आणि फळबागा सुरू झाल्या. मास्तरांनी जाता जाता विचारले, तुमच्या कापसाला पाणी कुठून येते? मी बोट वर करून म्हटले, अस्मान. ते मोठ्याने हसले. नंतर मी थट्टा करत नाही हे त्यांच्या लक्षात आले असावे, कारण त्यांनी तोच प्रश्न नातीच्या मोबाइलवर पुन्हा टाइप करून मला दाखवला.

परत आल्यावर परवाच कामानिमित्त सेवाग्रामपर्यंत जाऊन आलो. बुटीबोरी सुटल्यावर सवयीने मोबाइल काढला होता, तो खिशात ठेवला आणि खिडकीशी बसलो. सिंदीच्या अलीकडे कापूस फुटलेला आहे, पानांसकट, मधून मधून तुरीची ओळ, धुऱ्यावर बाभूळ. ओळी काही सरळ नव्हत्या.

वहिनींसाठी बोंडांचा एक निळा प्याला आणला आहे. काठाला विमानात जरासा टवका उडाला, त्याबद्दल त्यांना आधीच सांगून ठेव. दुसरी वेचणी कधी काढतोस ते कळव, त्या रविवारी हिंगणघाटची गाडी धरून येतो.

तुझा,
नाना