रशियाला जाऊन रोज पनीर-रोटीच कशाला?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

परवा तुमच्या पुरवणीत रशिया टूरवर पानभर मजकूर आला, त्यात बर्फ होता, कानटोपी होती, रेड स्क्वेअर होता आणि शेवटी ठळक अक्षरात "रोज इंडियन डिनर, सोबत आपले महाराज", म्हणजे स्वयंपाकी. मला त्या शेवटच्या ओळीवरच लिहायचंय. आपल्या सोलापुरातून आता कुणाचा मुलगा तिकडे मेडिकलला आहे म्हणून तर कुणी नुसतं फिरायला रशियाला जातं, आणि निघताना जो तो हेच सांगतो की तिकडे आपल्याला खायला काही मिळत नाही, मग बॅगेत धपाटे, शेंगाचटणी, खाकरे आणि संध्याकाळी ग्रुपबरोबर पनीर-रोटी. मीही मागच्या जूनमध्ये ग्रुपनेच गेलो होतो, पण दुपारचं जेवण बाहेर करायला लागलो आणि तेव्हापासून वाटतंय की हे लोकांना कुणीतरी नीट सांगायलाच पाहिजे.

तिकडे स्तलोवाया म्हणून साधी खानावळ असते. ट्रे घ्यायचा, काउंटरवरून हवं ते उचलायचं, शेवटी गल्ल्यावर पैसे द्यायचे, सगळं डोळ्यासमोर मांडलेलं असतं त्यामुळे भाषेवाचून अडत नाही. विनेग्रेत घ्या, म्हणजे उकडलेलं बीट, बटाटा, गाजर यांच्या बारीक फोडी, त्यात खारवलेली काकडी, मटार आणि तेल, अंडं नाही की मेयोनीज नाही. ग्रेच्का घ्या, हिंदीत ज्याला कुट्टू म्हणतात तोच दाणा भाजून मोकळा शिजवलेला, वर लोण्याचा तुकडा, चव खमंग, साधारण ज्वारीच्या कण्यांच्या जवळ जाणारी. सोबत राय नावाच्या धान्याचा काळा आंबूस ब्रेड आणि फळं उकळून केलेलं कोमपोत. आणि सगळ्यावर शेपू! आपला शेपूच, बटाट्यावर, सूपवर, काकडीवर, कच्चाच बारीक चिरून घातलेला, ज्यांना चालत नाही त्यांनी आधीच सांगावं.

पण सूपला सांभाळून. श्ची म्हणजे कोबीचं सूप आणि बोर्श्च म्हणजे बीटचं, दोन्ही दिसतात भाजीचे पण बहुतेक वेळा मांसाच्या पाण्यातच शिजवलेले असतात. (बोर्श्च खरं तर युक्रेनचं, युनेस्कोने 2022 मध्ये युक्रेनच्याच नावाने यादीत घेतलंय, तेव्हा त्याला रशियन डिश म्हणून छापू नका ही विनंती.) नुसतं मांस नको म्हटलं तर चिकन आणि मासा चालेल असं धरतात, म्हणून एकेक वेगळं सांगायचं. कोबीच्या पिरोश्कीत, म्हणजे सारण भरलेल्या छोट्या पावात, उकडलेलं अंडंही असू शकतं.

आता शाकाहारी लोकांसाठी सगळ्यात कामाची गोष्ट, जी एकही टूरवाला सांगत नाही. ईस्टरच्या आधी ऑर्थोडॉक्स लोकांचा मोठा उपवास असतो, जवळजवळ सात आठवडे, त्यात मांस, अंडी, दूध सगळंच बंद, आणि त्या दिवसांत बरीच हॉटेलं 'पोस्तनोये' म्हणून वेगळा मेनू ठेवतात. मशरूमचं सूप, बटाटा, कडधान्यं, लोणची. या उपवासाच्या आधीचा आठवडा मास्लेनित्साचा, तेव्हा घरोघरी ब्लिनी म्हणजे पातळ घावन, वर स्मेताना म्हणजे घट्ट आंबट साय, मध किंवा मुरंबा, आणि शेवटच्या दिवशी हिवाळ्याला निरोप म्हणून गवताची बाहुली जाळतात. अंडं चालत असेल तर हा आठवडा गाठावाच.

मला एका गोष्टीचं फार वाटतं. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा त्वेर गावचा व्यापारी समुद्रमार्गे चौलला उतरला, जुन्नरला राहिला आणि आपल्यापासून फार लांब नसलेल्या बिदरला पोचला. त्या माणसाने इथले लोक भात खातात, खिचडी लोण्याबरोबर खातात, पालेभाज्या खातात, उजव्या हाताने जेवतात हे सगळं लिहून ठेवलं. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. तो आपलं ताट इतकं निरखून गेला आणि आपण त्याच्या देशात जाऊन त्यांच्या ताटाकडे बघतसुद्धा नाही, हे मला बरोबर वाटत नाही.

कपड्यांचं म्हणाल तर जूनमध्ये जाड कोट लागत नाही, साधं जॅकेट आणि छत्री पुरते. हिवाळ्यात बाहेर कितीही थंडी असली तरी घरात आणि मॉलमध्ये हीटिंग जोरात असतं, त्यामुळे एकच जाड स्वेटर घालण्यापेक्षा काढता-घालता येतील असे दोन-तीन थर बरे. थिएटरमध्ये कोट गार्देरोबला, म्हणजे कोट ठेवायच्या काउंटरवर, जमा करायचाच. चर्चमध्ये बायका डोकं झाकतात आणि पुरुष टोपी काढतात.

मी चादर-टॉवेलच्या धंद्यातला, त्यामुळे माझा जीव अडकला तो शालीत. मॉस्कोच्या पूर्वेला पावलोव्स्की पोसाद नावाचं गाव आहे, लोकलने तासा-दीड तासात पोचता येतं, तिथला कारखाना 1795 पासूनचा. लोकरीचं कापड, काळ्या, लाल किंवा सायीच्या रंगाच्या जमिनीवर मोठमोठे गुलाब, कडेला झालर. जवळून बघितलं तर गुलाबाच्या एकाच पाकळीत गुलाबीच्या चार-पाच छटा एकमेकीत मिसळलेल्या दिसतात. आधी हे लाकडी ठशांनी छापायचे, एका शालीवर शेकडो वेळा ठसा उठवावा लागायचा, आता स्क्रीन प्रिंटिंग आहे. पण मला भिडलं ते दुसरंच, प्रत्येक डिझाइनला स्वतःचं नाव असतं आणि ते काढणाऱ्या कलाकाराचं नाव त्याच्याबरोबर लिहिलेलं असतं! आपली चादर जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणली जाते आणि त्यांची शाल छापली जाते, तंत्र वेगळं आहे, पण अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत वर्षानुवर्षं डिझाइन काढणाऱ्या माणसाचं नाव आपल्या एका तरी चादरीवर आहे का? जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळूनसुद्धा बाहेरचा माल सोलापुरी म्हणून खपतो, तिथे निदान लेबलवर डिझाइनचं आणि कारागिराचं नाव टाकलं तर गिऱ्हाइकाला विचारायला काहीतरी हातात राहील. आपल्या कारखानदारांनी आणि टेक्सटाइलच्या पोरांनी ते गाव बघून यावं असं मला फार वाटतं.

प्रवासाचं थोडक्यात सांगतो. ऑगस्ट 2023 पासून भारतीयांना ई-व्हिसा मिळतो. मार्च 2022 पासून आपली व्हिसा आणि मास्टरकार्ड कंपन्यांची बँक कार्डं तिकडे चालत नाहीत, म्हणून डॉलर किंवा युरो रोख न्यायचे आणि तिथे रूबल करायचे. युद्धामुळे विमानतळ मधेच बंद होतात, मोबाईल नेट जातं, तेव्हा सीमेकडचे भाग टाळायचे आणि आपल्या परराष्ट्र खात्याच्या सूचना वाचूनच निघायचं. मॉस्को ते सेंट पीटर्सबर्ग विमानाने जाऊ नका, साप्सान नावाची वेगवान रेल्वे चार तासात नेते, नाहीतर रात्रीची गाडी घ्या, लांबच्या गाड्यांत डब्यात गरम पाण्याचा बंब असतो आणि डब्याची बाई धातूच्या नक्षीदार कड्यात बसवलेल्या काचेच्या ग्लासात चहा देते. मॉस्को मेट्रो 1935 ची, त्यातल्या प्लोश्चाद रेवोल्युत्सी स्टेशनवर ब्राँझचे पुतळे आहेत, येता-जाता लोक शुभ म्हणून कुत्र्याच्या नाकाला हात लावतात, त्यामुळे तेवढं नाकच सोन्यासारखं चकाकतं. आणि मॉस्कोत परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात 2022 पासून आपल्या अण्णाभाऊ साठेंचा पुतळा आहे, तो आमच्या ग्रुपला दाखवलाच नाही, मराठी माणसांच्या टूरमध्ये तो असायलाच हवा.

तर पुढच्या वेळी असं पान कराल तेव्हा टूरवाल्यांनी दिलेला मजकूर तसाच न घेता पोस्तनोये मेनू, रोख पैसे, ही शाल, हे सगळं त्यात येऊ द्या, आणि टूरवाल्यांनाही लिहा की निदान दोन-तीन संध्याकाळी जेवण मोकळं ठेवा, लोकांना स्वतः जाऊन खाऊ द्या. दिवाळी सुट्टीचं बुकिंग सुरू झालंय, तेव्हा जमलं तर लवकर छापा.

आपला,
एक चादर व्यावसायिक, सोलापूर