फार्मसी महाविद्यालय निवडताना

प्रवेशफेरीचा पसंतीक्रम भरताना बहुतेक पालक घरापासूनचे अंतर आणि गेल्या वर्षीचा कटऑफ पाहतात. मुलाला पुढे काय करायचे आहे, हा प्रश्न मागेच राहतो. औषधांचे दुकानच काढायचे असेल, तर दोन वर्षांच्या डी.फार्म. या पदविकेचा मार्ग पुरेसा आहे. रुग्णालयात काम करू इच्छिणाऱ्याने सहा वर्षांच्या फार्म.डी. या पदवी अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्यापूर्वी संलग्न रुग्णालयात विद्यार्थ्यांना वॉर्डातील केसपेपर प्रत्यक्ष अभ्यासू देतात का, हे तिथल्या विद्यार्थ्यांनाच विचारावे. औषधनिर्मितीत जायचे असल्यास बी.फार्म. या पदवी अभ्यासक्रमाच्या प्रयोगशाळेतील गोळ्या बनवण्याचे यंत्र चालते, की आवरणाखाली धूळ खात पडले आहे, हे स्वतः पाहावे. माहितीपुस्तिकेत ते नेहमीच चकाकते. फार्मसी शिक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या फार्मसी कौन्सिलची मान्यता मात्र सर्वांनीच आधी तपासावी.

– एक पालक, सांगली