भिशी लागली

सोलापूर

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, पुस्तक घरी बसूनही वाचता येतं की! त्यासाठी एवढ्या उन्हात रिक्षा करून कशाला जायचं?" तेव्हा गॅसवर दूध होतं, म्हणून उत्तर राहिलं. आता सवडीनं लिहिते.

आमची पुस्तक भिशी आहे. महिन्याला प्रत्येकी दोनशे रुपये काढायचे, ज्याची चिठ्ठी निघेल त्यानं त्या पैशांची पुस्तकं घ्यायची आणि मग ती सगळ्यांकडे फिरतात. सगळे निवृत्त मास्तर आणि बाई. नळाला पाणी यायचा दिवस आडवा आला तर बैठक पुढे ढकलतो. सोलापुरात पाण्यापुढे साहित्याचं काही चालत नाही.

नोकरीत असताना यातल्या निम्म्या लोकांशी माझं धड बोलणंही नव्हतं. भेट व्हायची ती पेपर तपासायला, नाहीतर निवडणुकीच्या कामावर. गणिताचे सर तर मला भारी खडूस वाटायचे. अजूनही पुस्तक वाचताना लाल पेन हातात लागतं त्यांना. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की खूण. वाचनालयाच्या पुस्तकातही केली आणि बोलणी खाल्ली. आता आम्ही त्यांना शिसपेन्सिल देतो, आणि पुस्तक परत येताना खोडरबर मी चालवते.

गेल्या महिन्यात आपल्या सोलापूरच्याच डॉ. कोटणीसांवरचं पुस्तक होतं. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी ते एक, १९४२च्या डिसेंबरात तिकडेच वारले. सोलापूरच्या शाळेत शिकवायचं आणि हे मुलांकडून घोकून घ्यायचं नाही, असं कसं चालेल? पण वारले तेव्हा ते अवघे ३२ वर्षांचे होते, मुलगा काही महिन्यांचा होता आणि बाकीचे चौघे मायदेशी परतले होते, यावर वर्गात कधी थांबलोच नाही. पोर्शन संपवायचा असायचा.

विज्ञानाचे सर त्याग, कर्तव्य असं बोलायला लागले. (पंधरा ऑगस्टच्या भाषणाची सवय, जाता जात नाही.) तेवढ्यात पूर्व भागातल्या तेलुगू माध्यमाच्या बाई म्हणाल्या, "ते सगळं खरं हो सर, पण घरच्यांनी किती वर्षं पोस्टमनकडे बघत बसायचं?" बाईंचा मुलगा कॅनडात असतो. एवढे मास्तर एका खोलीत आणि सगळे गप्प, हे मी पहिल्यांदाच बघितलं. मग गणिताच्या सरांनी डबा उघडला, कडक भाकरी मोडून बाईंच्या पुढ्यात ठेवली, वर शेंगाचटणी आणि दही. "चटणीत मीठ कमी आहे," बाई म्हणाल्या. त्यावरून जी जुंपली! बाई रागावल्या की तेलुगूत सुरू होतात आणि सर अक्कलकोटकडचे, ते कन्नडमध्ये उत्तर देतात. पुस्तक तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी बाईंकडे गेले. मुलाला फोन कसा लावू, त्याची तिकडे रात्र असते, असं म्हणत होत्या. रात्र तर रात्र, लावा म्हटलं. लावला. तासभर बोलत होत्या, मी चहा करून घेतला.

हे घरी बसून कसं व्हायचं, तूच सांग.

बरं, कामाचं. या महिन्याची चिठ्ठी माझी निघालीय. दिवाळीला येताना अप्पा बळवंत चौकातून पुस्तकं आण, यादी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकते. बारीक टाइपाची घेऊ नकोस, निम्म्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं व्हायचीत. सवलत मागून घे आणि बिल जपून ठेव. सर पै-पैचा हिशोब मागतात.

तुझी,
आई