काकूचा बंब आणि क्लाइडचं पाणी

लश्कर, ग्वाल्हेर
११ जानेवारी

प्रिय वसंता,
सप्रेम नमस्कार.

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज सकाळी रजईत पडल्या पडल्या ऐकला. तिकडे ग्लासगोजवळ तुझ्या लेकीच्या घरी बॉयलर नाही, गीझर नाही, बाहेरून एक पाइप येतो आणि रेडिएटर रात्रभर गरम राहतो. जावई म्हणतो, ही ऊब समोरच्या क्लाइड नदीतून येते. ज्या पाण्यात बोट घातलं तर बोट बधिर होतं त्यातून ऊब कशी निघेल, तो माझी थट्टा करतोय का, असं तू विचारतोस. थट्टा करत नाहीये रे. आणि हा प्रश्न तू बर्फवाल्याला विचारलास हे उत्तम केलंस. अठ्ठावीस वर्षं मी दुसरं केलं काय?

फोनवर सांगायला गेलो असतो तर तू मध्येच क्रिकेटवर घसरला असतास, म्हणून कागद घेतला. शिवाय तीन दिवस इथे सूर्य दिसलेला नाही. धुकं असं की गच्चीवरून किल्ला गायब. रॉड बादलीत सोडून बसलोय, पाणी तापेपर्यंत एक पान तरी होईल.

तुला आपल्या बर्फ कारखान्यामागची ती जागा आठवते? अमोनियाच्या नळ्यांचं मोठं जाळं उभं होतं आणि त्यावर वरून पाणी सोडलेलं असायचं. जानेवारीत त्याच्यावर वाफ दिसायची. तू बँकेत लागल्यावरसुद्धा रविवारी टॉवेल खांद्यावर टाकून यायचास, कारण खालच्या हौदातलं पाणी कोमट असे. फोरमन ओरडायचा आणि पाच मिनिटांनी स्वतःच लोटा घेऊन उभा राहायचा. ती ऊब कुठून यायची, हे तेव्हा तू विचारलं नाहीस. आत ज्या पाण्याच्या लाद्या होत होत्या, त्यातूनच ती काढलेली होती. पाण्याचा बर्फ करायचा म्हणजे पाण्यातली उष्णता उपसायची, आणि उपसलेली कुठेतरी टाकायलाच लागते. आम्ही हवेत टाकत होतो. एक टन बर्फ करताना पाण्यातून जेवढी उष्णता निघते, तेवढ्यात अंघोळीच्या दोनशेहून जास्त बादल्या तापतील. आम्ही दिवसाला कित्येक टन काढायचो. हा हिशेब मी तेव्हा केला नव्हता. आज करून बघितला आणि वाईट वाटलं.

तुझ्या लेकीच्या गल्लीत तोच कारखाना उलटा लावलाय, इतकंच. तिथे माल म्हणजे ऊब, आणि गारवा हा टाकाऊ भाग.

आता बधिर बोटाचं सांगतो. गार म्हणजे उष्णता संपलेली, असं आपण धरून चालतो. खरं तर उष्णता पूर्ण संपते ती उणे २७३ अंशांना. त्या मोजपट्टीवर सहा अंशांचं नदीचं पाणी म्हणजे २७९. भरपूर शिल्लक आहे! फक्त ती आपल्या हातापेक्षा कमी पातळीवर आहे, म्हणून आपोआप आपल्याकडे येत नाही. विहिरीचं पाणी आपोआप मडक्यात येतं का? रहाट लागतो, हात दुखतात. इथे रहाटाचं काम वायू दाबणारा कॉम्प्रेसर करतो. ऊब वाहून नेतो तो अमोनिया, आणि साध्या हवेच्या दाबाला तो उणे ३३ अंशांवरच उकळतो. त्याच्यापुढे तुझं क्लाइडचं पाणी म्हणजे चुलाण्यावरचं आधण. दाब जरा बेताचा ठेवला की नदीच्या पाण्याची ऊब घेऊन तो उकळतो, वायू होतो. तो वायू दाबला की तापतो, आणि पुन्हा द्रव होताना सगळी ऊब पाइपातल्या पाण्याला देऊन टाकतो. नदीचं पाणी सहा अंशांचं आत आलं असेल तर समज तीन अंशांचं होऊन परत नदीत जातं. पाणी तेवढंच राहतं, थेंबही खर्च होत नाही. नदीचं पाणी आणि अमोनिया वेगवेगळ्या बाजूंनी जातात, मधे धातूची भिंत. तुझ्या रेडिएटरमध्ये क्लाइडचं पाणी फिरत नाही, हे वहिनींना सांग. त्यांना ती शंका आली असणारच.

कारागीर म्हणून मला खरं कौतुक दाबाचं आहे. आमच्याकडे हेड प्रेशर, म्हणजे कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या वायूचा दाब, चौरस इंचाला दोनशे पौंडांच्या वर चढला की फोरमनच्या कपाळाला आठ्या पडायच्या. एका मे महिन्यात ग्लँड, म्हणजे वायू अडवणारं सील, फुटली होती. ओला पंचा तोंडाला बांधून आम्ही धावलो, डोळे दोन दिवस चुरचुरत होते. आता अमोनियाने ऐंशी अंशांचं पाणी तापवायचं तर सहाशे पौंडांच्या आसपास जावं लागतं. आमच्या जुन्या मशीनचं ते कामच नव्हतं, चिंधड्या झाल्या असत्या. पूर्वी असं मशीन का लावलं नाही, असं जावयाला विचारशील तर अर्धं उत्तर हे आहे. उरलेलं अर्धं उत्तर म्हणजे कोळसा आणि गॅस स्वस्त होते.

कल्पना मात्र जुनी, आणि तू बसलायस त्याच्या शेजारच्या शहराची. विल्यम थॉमसन ग्लासगोच्या विद्यापीठात शिकवायचा. हवा प्रसरण पाववून आणि दाबून इमारती गरम-गार करता येतील, आणि नुसतं जळण जाळण्यापेक्षा ते स्वस्त पडेल, असं त्याने १८५२ साली मांडलं होतं. पुढे त्याला लॉर्ड केल्व्हिन केलं. ते नाव विद्यापीठाखालून वाहणाऱ्या केल्व्हिन नदीचं, आणि ती नदी क्लाइडलाच जाऊन मिळते. म्हणजे आपण शाळेत ज्या केल्व्हिनमध्ये तापमान लिहायचो, ते एका नदीचं नाव होतं! प्रधान मास्तरांनी हे सांगितलं असतं तर मी भौतिकशास्त्रात एवढा रखडलो नसतो.

झुरिकच्या टाउन हॉलमध्ये १९३८ साली लिमाट नदीच्या पाण्यावर असं यंत्र बसवलं आणि ते २००१ पर्यंत होतं. लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलची गंमत तर ऐकच. १९५१ साली टेम्सच्या पाण्यावर हॉल गरम करायचं ठरलं. यंत्र चाललं, पण गरजेपेक्षा फार मोठं काढलेलं होतं, ऊब जास्तच झाली. शेवटी काढून टाकलं. लग्नात पंगतीचा अंदाज चुकून दोन पातेली वरण उरतं, तसलंच हे.

आजच्यांपैकी माझ्या मनात भरलंय ते नॉर्वेतलं ड्रामेन. तिथे समुद्राच्या खाडीत खोलवरचं पाणी बारा महिने आठ-नऊ अंशांचं असतं. ते घेऊन नव्वद अंशांचं पाणी गावभर फिरवतात. तेरा-चौदा मेगावॉटचा अमोनियाचा प्लांट, २०११ च्या सुमारास चालू झालेला, आणि बांधणारी कंपनी तुझ्या ग्लासगोचीच. तुमच्याकडचे दोन संच त्या मानाने धाकटे, प्रत्येकी अडीच मेगावॉटहून थोडे जास्त. तेही अमोनियाचेच. आणि जागा कुठली, तर जॉन ब्राउनचा जुना जहाजांचा कारखाना, जिथे क्वीन मेरी बांधली. तो उंच क्रेन अजून उभा आहे म्हणतोस ना, तोच.

आता यात खोट कुठे आहे तेही सांगतो, नाहीतर तू मला विक्रेता समजशील. पहिली गोष्ट, वीज लागतेच. एक युनिट वीज घालून तीनेक युनिट ऊब मिळते. पाणी जितकं गार आणि रेडिएटर जितका जास्त गरम हवा, तितका हा आकडा खाली येतो. मी इथे रॉड लावलाय तो बघ: औष्णिक केंद्रात कोळशाच्या ऊबेतली साधारण एक तृतीयांश विजेत उतरते, बाकीची चिमणीतून आणि कूलिंग टॉवरमधून जाते, आणि उरलेल्या त्या मौल्यवान विजेने मी बादलीभर पाणी कोमट करतोय. अंगठी विकून भाजी आणावी तसा प्रकार. दुसरी गोष्ट, नदी म्हणजे नुसतं पाणी नाही. जाळीत पालापाचोळा अडकतो, शेवाळं धरतं, मासळीची पिल्लं आत ओढली जाता कामा नयेत, आणि परत सोडलेलं पाणी फार गार असलं तरी चालत नाही. कंडेन्सरच्या, म्हणजे वायूचा द्रव होतो त्या, नळ्यांवरचा थर खरवडण्यात माझी निम्मी नोकरी गेली. त्यामुळे त्या प्लांटवर ब्रश घेऊन उभं राहणारं कोणीतरी आहे हे मी न बघता सांगतो.

तू पुढचा प्रश्न विचारशीलच: मग आपल्या ग्वाल्हेरात का नाही? मी कागदावर मांडून पाहिलं. थंडीत पाणी पंधरा अंशांचं धर. पंधरा लिटरची बादली पंचेचाळीसपर्यंत न्यायला अर्धं युनिट लागतं. शंभर घरं, घरटी पाच बादल्या, म्हणजे रोजची अडीचशे युनिटं. आपलं पाणी क्लाइडपेक्षा पुष्कळ गरम आणि अंघोळीला ऐंशी अंश कोणाला हवेत, म्हणून इथे एकास चार सहज मिळतील. साठ-पासष्ट युनिटांत काम भागेल. त्यासाठी दिवसाकाठी छप्पन्न हजार लिटर पाणी तीन अंशांनी गार करायचं आणि पुन्हा सोडून द्यायचं. आपल्या तिघ्रा धरणाला त्याचं काय! तोच तिघ्रा, विश्वेश्वरय्यांनी स्वयंचलित दरवाजे बसवलेला. शाळेच्या सहलीत तू पाण्यात चप्पल सोडून आलास तो. पण तिघ्रा शहराबाहेर, आणि उन्हाळ्यात टँकरमागे धावणाऱ्या शहरात पाण्यातून उष्णता काढतो म्हटलं, तर लोक आधी पाणी चोरतोय का बघतील. स्वर्णरेखा नदीचं तर सिमेंटचं पात्र झालंय, त्यात काय वाहतं ते तुला माहीतच आहे. हसू नकोस, गटाराचं पाणी थंडीतही नदीपेक्षा गरम असतं, आणि हेलसिंकीत शुद्ध केलेल्या सांडपाण्यातून ऊब काढून घरं तापवतात. मात्र खोल्या तापवायला पाइप टाकणं आपल्याकडे वेडेपणाच. आपली कडाक्याची थंडी दोन महिन्यांची. दोन महिन्यांसाठी साऱ्या लश्करचे रस्ते खणायचे? ते असेही खणलेलेच असतात, ती गोष्ट वेगळी.

पण वसंता, मला विचारशील तर अडतं ते नदीपाशी नाही आणि मशीनपाशीही नाही. अडतं ते सामायिक पाइपापाशी. आमच्या इमारतीत गच्चीवर सगळ्यांचं मिळून सोलर बसवलं होतं. पाणी उत्तम तापायचं. पण बसवणाऱ्याने पाइपावर लपेटायचं ते अर्धंच लपेटलं आणि पहिल्या मजल्यावरच्याला नळ सोडल्यावर दोन बादल्या गार पाणी वाहू द्यावं लागायचं. तो म्हणाला, मी वर्गणी अर्धी देणार. तिसऱ्या मजल्यावरचा म्हणाला, माझ्याकडे दोनच माणसं, मी पण अर्धी. मग पंप बिघडला. दुरुस्तीच्या बैठकीला सात जण आले आणि त्यात चौघं चहासाठी. आज प्रत्येक बाल्कनीत वेगळा गीझर आहे आणि गच्चीवरच्या काचांवर कबुतरं बसतात. मी स्वतः सेक्रेटरी होतो, म्हणून दुसऱ्या कोणाला बोलत नाही.

आणि हे आपल्या वाड्यात कसं जमत होतं, याचा मी दोन दिवस विचार करतोय. माधवगंजात आठ बिऱ्हाडं, आणि दत्तूच्या काकूचा तो एक तांब्याचा बंब. कोळसा आळीपाळीने, पण पहिली बादली कोणाची हे काकू ठरवणार. शाळेची पोरं आधी, मग ऑफिसवाले, बाळंतीण असेल तर ती सगळ्यांच्या आधी. तुझ्या आईने एकदा दोन बादल्या घेतल्या तर काकू आठवडाभर बोलल्या नाहीत. मीटर नव्हतं, पण हिशेब चोख होता. काकूंचा वाडाभर धाक होता म्हणून बंब चालला. मला प्रेमळ आठवणी काढायच्या नाहीत, त्या बाई कजाग होत्या. पण काम कजागपणाचंच होतं.

म्हणून मला तुझ्याकडून नदीची नाही, काकूची माहिती हवी आहे. तिथे ती कोण आहे? लेकीला बिल कशावर येतं, वापरलेल्या उष्णतेवर की घराच्या आकारावर? कोणी बिल थकवलं तर त्याचा रेडिएटर बंद करतात का, आणि शेजाऱ्याच्या भिंतीतून त्याला फुकट ऊब मिळते त्याचं काय? दुरुस्ती कोणाकडे, आणि रविवारी बंद पडलं तर? जावयाला विचारून नीट लिही. शिवाय एक काम कर. घरात येणाऱ्या आणि जाणाऱ्या दोन्ही पाइपांवर हात ठेव, आधी जाणाऱ्यावर. दोन्ही सारखेच गरम लागले तर त्यांच्यातल्या कोणीतरी व्हॉल्व्ह नीट लावलेला नाही, असं समज आणि जावयाला माझं नाव न सांगता सांग.

बादलीतून वाफ यायला लागली, उठतो. अंघोळ झाली की दाल बाजारात जायचंय. ओळखीतला एक मुलगा फेब्रुवारीत तिकडे निघालाय, त्याच्याबरोबर मुरैन्याच्या गजकचे दोन डबे पाठवतो. एक वहिनींचा. रेडिएटरवर ठेवू नका, तीळ खवट होतात.

तुझा,
बाळ्या