काका, तुम्ही ‘नको’ म्हणालात म्हणून

तांडेल काका,

सादर नमस्कार.

तुमचा पुतण्या हे तुम्हाला वाचून दाखवील, त्याला तसं सांगून ठेवलंय. घरी येऊन आभार मानायचा प्रयत्न मी दोनदा केला. दोन्ही वेळा तुम्ही विषय बदललात, एकदा जाळ्यांवर गेलात आणि एकदा माझ्या लग्नावर. म्हणून आता लिहून, सगळ्यांसमोर मानते. आपल्या किनाऱ्यावर यंदाही कुणीतरी फायबरची होडी घ्यायला निघालं असेल. तुम्ही आम्हाला काय दाखवलंत ते त्यांनाही कळलं पाहिजे.

16 मे 2021 ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून वर सरकलं, त्या दिवशी बाबांची लाकडी होडी गेली. समुद्रात नव्हे, वर ओढून ठेवलेली असताना. माड पडला आणि कणाच मोडला. त्या होडीच्या फटींत दरवर्षी सूत भरायचं, राळ आणि तेल लावायचं, हे आम्ही लहानपणापासून बघत आलो होतो. बाबांनी मोडकी फळी हातात घेतली आणि म्हणाले, आता लाकूड नको, फायबर घ्या. सागाचे भाव आणि होडीचं काम करणारे सुतार, दोन्ही आमच्या हातात राहिले नव्हते.

भावाने आणि मी सहा होड्या बघितल्या. सहाव्या होडीने आम्हाला भुरळ घातली. 28 फुटी, रुंद, वर निळा रंग इतका चकचकीत की आपलं तोंड दिसावं. जुनी होती, पण ‘दोनच हंगाम वापरलेली’ असं सांगितलं होतं. दहा हजार विसार देऊनही झाला होता. विकणारा तुमच्या नात्यातला, हे आम्हाला माहीत होतं. म्हणूनच तुम्हाला बघायला बोलावलं. खरं सांगायचं तर तुम्ही ‘चांगली आहे’ म्हणावं, एवढंच आम्हाला हवं होतं.

तुम्ही आलात, होडीकडे न बघता आधी सावलीत पाच मिनिटं बसलात, पाणी प्यायलात. मग म्हणालात, ‘‘बाय, पयला बूड बघ. रंग मगे बघूया.’’

खिशातून तो छोटा लाकडी हातोडा काढलात आणि नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागेपर्यंत ठोकत गेलात. ठण, ठण, ठण. विकणारा भावाशीच बोलत होता. किंमत त्याला सांगायचा, इंजिन त्यालाच दाखवायचा. मी वही घेऊन मागे उभी होते. तुम्ही थांबलात आणि हातोडा माझ्या हातात दिलात. ‘‘तू ठोक.’’ मी ठोकत आले. जिच्यावर इंजिन टांगतात त्या मागच्या फळीशी पोचले आणि आवाज बदलला. ठण नव्हे, धब. ओल्या भिंतीवर थाप मारल्यासारखा. ‘‘आयाकलंस मां?’’ तुम्ही एवढंच विचारलंत.

मग मला खाली बसवून समजावलंत. त्या फळीच्या आत प्लायवुड असतं, दोन्ही बाजूंनी फायबरचे थर. इंजिनाचे बोल्ट त्यातूनच आरपार जातात. भोकं नीट बंद केली नाहीत तर पाणी आत शिरतं आणि लाकूड आतल्या आत कुजतं. वरून काहीच कळत नाही, कारण वर तो चकचकीत जेलकोट, म्हणजे फायबरचा सगळ्यात बाहेरचा गुळगुळीत थर, आणि त्यावर ताजा निळा रंग. बोल्टच्या कडेला तुम्ही नख दाबलंत आणि तपकिरी पाण्याचा थेंब वर आला. तो थेंब मला अजून दिसतो. त्या फळीवर माझ्या भावाचं इंजिन टांगलं जाणार होतं.

विकणाऱ्याच्या तोंडावर तुम्ही म्हणालात, ‘‘ही व्हडी घेव नको.’’ ती विकली गेली असती तर तुम्हाला दलाली मिळाली असती, हे मला नंतर तिसऱ्याकडून कळलं. पुढच्या गणपतीत त्या घरातून तुम्हाला बोलावणं आलं नाही, हेही कळलं. काका, याची भरपाई आमच्याकडे नाही. विसाराचे दहा हजार तुम्हीच बोलून परत मिळवून दिलेत, त्याबद्दलही तुम्ही कधी चकार शब्द काढला नाहीत.

कुजलेली फळी बदलता येते, हे तुम्हीही मान्य केलंत. पण त्या होडीचा दुसरा दोष बदलण्यासारखा नव्हता. ती आमच्या पाण्याची नव्हती. मी विचारलं, म्हणजे काय? तुम्ही बादली भरून आणायला सांगितलीत. पाण्यावर तळवा आडवा आपटलात, पाणी उडून माझ्या वहीवर आलं. मग तोच हात कडेने खुपसलात, आवाजसुद्धा झाला नाही. सपाट बुडाची होडी खाडीत सोन्यासारखी, उथळ पाण्यात चालते, जाळं ओढताना हलत नाही, थोड्या इंजिनावर पळते. पण उघड्या समुद्रात, समोरून लाट आली की प्रत्येक लाटेवर ती तशीच आपटते. माणसाची कंबर जाते आणि हळूहळू होडीचे थरही सुटतात.

मग भाऊ म्हणाला, तर खोल व्ही बुडाचीच, म्हणजे खाली टोकदार होत गेलेल्या बुडाची घेऊ. त्यालाही तुम्ही थांबवलंत. खोल व्ही लाट छान कापते, पण उभी राहिली की लोळते, आणि आपलं अर्धं काम उभं राहूनच होतं. जाळं ओढायला दोन माणसं एका काठावर आली की ती कलणार. शिवाय इंधन जास्त पिणार. तुमचं म्हणणं होतं की नाळ धारदार हवी, वर पसरट होत गेलेली, म्हणजे लाटेचं पाणी बाहेर फेकलं जातं. बूड मागे येईल तसं बेताने सपाट होत जावं. काठ उंच हवा, पण इतका नको की जाळं ओढताना पाठ मोडेल. भावाला गुडघ्यावर वाकवून तुम्ही काठाची उंची त्याच्या मांडीवर बोटाने दाखवलीत. कुठल्याही कारखान्याच्या माहितीपत्रकात हे माप सापडलं नसतं.

आणि ते एक वाक्य, जे आता आमच्या घरात सगळे म्हणतात: ‘‘जातानाची व्हडी कोणय निवडता. तू येतानाची निवड.’’

देवबागचा संगम बघितलेल्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. कर्ली नदी तिथे समुद्राला मिळते आणि मुखाशी वाळूचे बांध दर वर्षी जागा बदलतात. पर्यटक तिथे दुपारी फोटो काढतात तेव्हा पाणी तळ्यासारखं असतं. पण ओहोटीचं पाणी जोराने बाहेर पडत असताना बाहेरून मोठी लाट आत येऊ लागली की दोघांची टक्कर होते. लाटा आखूड होतात, उभ्या होतात आणि फुटतात. सकाळी जाताना सगळं शांत असतं. यायच्या वेळी होडी भरलेली, माणसं थकलेली, आणि लाट पाठीमागून येते. पाठची लाट होडीला उचलून आडवी फिरवते. इंजिनासाठी मागची फळी फार खाली कापलेली असेल तर पाणी थेट आत येतं. हे सगळं तुम्ही त्या दिवशी वाळूवर काडीने काढून दाखवलंत.

नवी होडी बांधून घ्यायचं ठरलं तेव्हाही तुम्ही सोडून दिलं नाहीत. तीन वेळा कारखान्यात आलात, तेही एसटीने. पावसाळ्यात थर चढवू द्यायचे नाहीत, दमट हवेत काम बिघडतं, म्हणून आम्हाला दिवाळीपर्यंत थांबवलंत. भाऊ चिडला होता. कारागीर जास्त रेझिन, म्हणजे थर चिकटवणारा तो घट्ट द्रव, ओतायला लागला की तुम्ही त्याला रोखायचात. बघणाऱ्याला वाटतं जास्त रेझिन म्हणजे जास्त मजबूत. तुम्ही सांगितलंत की ताकद काचेच्या तंतूंची, रेझिन त्यांना नुसतं धरून ठेवतं. नुसतं रेझिन काचेसारखं तडकतं. म्हणून मॅटचा, म्हणजे विस्कटलेल्या तंतूंच्या चटईचा एक थर, मग विणलेलं रोव्हिंग, म्हणजे जाड तंतूंचं कापड, पुन्हा मॅट, आणि प्रत्येक थरातली हवा रोलरने काढलीच पाहिजे. पाण्याखालच्या भागाला साधं रेझिन नको, आयसोफ्थॅलिक घ्या, पुढे सहसा फोड येत नाहीत, हेही तुमचंच. त्यासाठी जे जास्तीचे पैसे गेले ते मला तेव्हा जड वाटले होते. आज वाटत नाहीत.

पाणी बाहेर सोडायच्या भोकासाठी बुडाचा गोल तुकडा कापला तेव्हा तो केरात जाणार होता. तुम्ही तो उचलून माझ्या हातात ठेवलात. ‘‘ह्या तुझा प्रमाणपत्र.’’ तुकड्याच्या कडेवर थर मोजता आले, पट्टीने जाडी मोजता आली. बुडाला 9 मिलिमीटर, काठाचा तुकडा 6. मध्ये एकही हवेचा बुडबुडा नाही. ते दोन्ही तुकडे आमच्या देव्हाऱ्याखालच्या फळीवर आहेत. आई त्यांनाही हळदकुंकू लावते.

सगळ्यात मोलाची गोष्ट मात्र फोमची. मला वाटायचं, होडी म्हणजे तरंगणारच. तुम्ही म्हणालात, लाकडाची होडी पाण्याने भरली तरी काठाशी तरंगते, माणूस तिला धरून राहतो. फायबर पाण्यापेक्षा जड. भरली की दगड. म्हणून नाळेत आणि दोन्ही बाजूंना बंद कप्पे करून त्यात फोम भरायला लावलंत. कारखानदार थर्माकोलचे तुकडे टाकायला निघाला होता. तुम्ही वाटीत पेट्रोल घेऊन त्यात थर्माकोलचा तुकडा टाकलात. आमच्या डोळ्यांसमोर तो विरघळला. त्यानंतर त्याने वाद घातला नाही.

नोंदणी, विमा, बँक आणि योजनेची कागदपत्रं मी सांभाळली, ते लिहिण्यासारखं नाही.

आता ज्या दिवसासाठी हे पत्र लिहिते आहे, तो दिवस. गेल्या ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसाचे दिवस होते. भाऊ आणि दोन खलाशी निवतीच्या दीपगृहाच्या खडकांच्या बाहेर सुरमईला गेले होते. सकाळी आकाश साफ होतं. दुपारी दोनच्या सुमाराला पूर्वेकडून काळं आलं आणि वाऱ्याने एकदम पाणी उचललं. भावाने जाळं आवरलं आणि निघाला. संगमाशी पोचला तेव्हा ओहोटीचं शेवटचं पाणी अजून जोराने बाहेर पडत होतं आणि मुखात पांढरं फुटत होतं. इतर वेळी त्याने घुसवली असती, तो स्वतःच म्हणतो. त्याला तुमची वाळूवरची काडी आठवली. त्याने होडी वळवली, नाळ लाटेला दिली आणि बाहेरच पाऊण तास थांबला. मी किनाऱ्यावर उभी होते. लाटेच्या पोटात ती गेली की फक्त झेंड्याची काठी दिसायची. एक लाट पूर्ण वरून आली. डेकच्या भोकांतून ते पाणी हळूहळू निघून गेलं आणि नाळ पुन्हा वर आली. लांब दांड्याचं इंजिन घ्यायला तुम्ही सांगितलं होतंत, त्याचा पंखा एकदाही पाण्याबाहेर आला नाही, असं खलाशी सांगतो.

पाणी फिरलं, भरती लागली, मुखातलं पांढरं कमी झालं. मग एका लाटेच्या पाठीवर बसून, तिला न ओलांडता, तो आत आला. तिघांच्याही अंगावर लाइफ जॅकेट होतं. तुम्ही त्याशिवाय होडीची पूजाच होऊ दिली नव्हतीत.

त्या रात्री बाबांनी होडीच्या काठावर हात ठेवला आणि बराच वेळ उभे राहिले. तौक्तेनंतर ते होडीजवळ पहिल्यांदाच इतके थांबले.

तुम्ही आमच्याकडून एक रुपया घेतला नाहीत. ‘‘माका पैशे नको. पयल्या पाटीतले चार बांगडे दी.’’ चार बांगडे दिले, ते तुम्ही खाल्ले, आणि हिशोब मिटला असं तुम्हाला वाटतं. आम्हाला तसं वाटत नाही. माझा भाऊ घरी आला, काका. आणि तुम्ही हातोडा माझ्या हातात दिलात. आजवर होडीच्या व्यवहारात मला कुणी वही धरण्यापलीकडे काही करू दिलं नव्हतं. आता वाडीत कुणी जुनी होडी बघायला गेलं की मला बोलावतात. मी ठोकते, कान लावते आणि जिथे धब येतो तिथे तसं सांगते, विकणारा कुणीही असो. तुमच्यासारखं.

एक काम आहे. मागच्या उजव्या कोपऱ्यात, काठाच्या खाली केसासारखी रेघ दिसली आहे, वीतभर. मी ठोकून बघितलं, आवाज खणखणीत आहे. जेलकोटच असावा असं मला वाटतं, पण तुमचा हात लागल्याशिवाय मी होडी पाण्यात सोडणार नाही. रविवारी या. भाऊ गाडी घेऊन येईल, एसटीने येऊ नका. आईने बांगड्याचं तिखलं करायचं ठरवलंय, आणि या वेळी चारपेक्षा जास्त असतील.

तुमची,
बाय